पाचोऱ्याची बाई आली तेव्हा

मी चोपड्याकडची. बाप मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायचा, आम्ही तिथूनच ख्रिस्ती, मग लग्न होऊन धुळ्याला आले आणि मीही दवाखान्यातच आयाबाई लागले, मालक लवकर गेले, राहिली एक सलोमी, आणि तिला नवव्या वर्षी मिरगी लागली. काय सांगू भाऊ तुम्हाला, पोर चुलीजवळ बसली की माझा जीव मुठीत.

चर्चच्या मंडळीनं उपास धरला, प्रार्थना केली, आणि चार महिने एकही फिट आली नाही. आमच्यात बरं झालं की मंडळीपुढं उभं राहून साक्ष द्यायची असते. मी दिली. दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, त्याही बंद केल्या, आणि तेही सांगून टाकलं, म्हटलं गोळ्या देऊन देवाचं नाव घेणं बरं दिसत नाही. जन्म दवाखान्यात गेला आणि अक्कल अशी! पाळकसाहेबांनी मला एरंडोल, पाचोरा, बठ्ठा, सगळा भाग फिरवला, बाया माझे हात धरून रडायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पाचव्या महिन्यात सलोमी पडली. आठ दिवसांत तीनदा. गोळ्या गुपचूप सुरू केल्या, पण साक्ष गावोगाव गेलेली, ती कशी माघारी आणू? रविवारी मला भेटायला बाया यायच्या, तेव्हा गल्ली सगळी शेजारच्या टीव्हीपुढं आणि माझी पोर आतल्या खोलीत, बाहेरून कडी. मीच लावायची. एकदा आतून म्हणाली,

“माय, देवले जमत नही, का त्याले करानं नही?”

मी कडी तशीच ठेवून बायांपुढं जाऊन बसले.

मग पाचोऱ्याकडची एक बाई एस्टीनं आली, केळ्यांची फणी घेऊन. म्हणाली, अक्का, तुमची साक्ष ऐकली अन् मीबी माझ्या पोरीच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या, सहा दिवस झाले, आता देव बघेल. मी उठले, कडी काढली. सलोमी सकाळीच पडली होती, ओठ चावलेला, परकर ओला. म्हटलं, बाई, ही बघ माझी साक्ष, घरी जा आणि आजच गोळ्या दे. ती म्हणाली, मग तुम्ही बोलल्या कशाला? आणि निघून गेली.

पुढच्या रविवारी मंडळीत उभी राहून सगळं सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, विश्वास कमी पडला असेल. म्हटलं, असेल साहेब, माझा पडला, पण मार पोरीला का?

दोनदा पाचोऱ्याला जाऊन आले, पण त्या बाईचं घर सापडलं नाही. त्या पोरीनं गोळ्या घेतल्या की नाही, जिती आहे का, काही कळलं नाही. सलोमी आता वीस वर्षांची झाली, महिन्यातून एकदा तरी पडतेच, पण दार उघडं असतं. देवाच्या हातात सगळं आहे हे मी अजून मानते, म्हणून तर त्याचा राग येतो. पण राग घेऊन जाऊ कुठं? क्रुसावर त्याचा स्वतःचा लेक, मला का सोडलंस म्हणून ओरडला, त्यालाही त्यानं काही सांगितलं नाही. तेवढ्यावर मी टिकून आहे.

ती बाई आली त्या दिवशी तिच्या पोरीचं नावसुद्धा मी विचारलं नाही. आता रोज प्रार्थनेत सलोमीच्या आधी तिच्यासाठी मागते. म्हणते, बापा, नाव तुला माहीत आहे.