शिवलेले खिसे

व्हर्ला : बटाटे गार झाले. कुणीतरी बोला, नाहीतर मी जेवणाआधीची प्रार्थना पुन्हा सुरू करीन.

जनेल : माझं विचारून झालंय, मावशी. आता पाळी बाबांची.

व्हर्ला : आर्लो, पोरीने एवढंच विचारलं की शुक्रवारी आमच्याबरोबर लास वेगसला येता का. तुझा चेहरा असा झालाय, जणू तिने मृत्युपत्र मागितलं.

आर्लो : शुक्रवारी गर्दी असते. मंगळवारी जा.

जनेल : मंगळवारी शाळेची बस कोण चालवणार? शुक्रवारी मुलांना सोडलं की निघायचं. दोन रात्री, आणि रविवारी दुपारी परत. माझ्या बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, तेही अडीच तासांवरच्या गावाला. लोक समुद्र ओलांडून येतात तिथे.

आर्लो : मग चारला निघा, आधी नको. शेवटच्या चढावर पोचाल तेव्हा सूर्य डोंगरामागे उतरत असेल. गाडी कडेला घे आणि खाली उतर. तोवर तू नुसते खडक आणि झुडपं पाहिलेली असशील. समोर सगळं खोरं उजळायला लागलेलं असेल, आणि आकाशात अजून उजेड असेल. अंधार पडल्यावर फक्त दिवे दिसतात. त्या दहा मिनिटांत मात्र कळतं, की ते शहर वाळवंटाने आपल्या तळहातावर धरलेलं आहे.

व्हर्ला : एवढ्या वर्षांत माझ्याशी इतकं बोलला नव्हतास.

आर्लो : तू कधी विचारलं नाहीस. तू माझ्यासाठी प्रार्थना करण्यात गुंतलेली होतीस.

व्हर्ला : अजून करते. आणि मी कारंजी पाहायला चाललेय, हे दोघांनीही लक्षात ठेवा. कारंज्यांबद्दल धर्मग्रंथात आक्षेप नाही. मी तपासलंय.

आर्लो : जुने बूट घाल, व्हर्ला. समोरचं हॉटेल हाकेच्या अंतरावर वाटतं. चालू लागलीस की अर्धा तास जातो. इमारती एवढ्या अवाढव्य आहेत की अंतराचा अंदाजच येत नाही.

जनेल : जुने बूट. लिहिलं. पुढे?

आर्लो : तहान लागायच्या आधी पाणी प्या. मनगटाला घड्याळ असू दे, कॅसिनोत भिंतीवर सापडणार नाही. आणि एकदा पहाटे उठ. रात्रपाळी सुटते, दिवसपाळी येते, दोन्ही पाळ्यांची माणसं दारात एकमेकांना वाट देतात. कुणाच्या अंगाला स्वयंपाकघराचा वास, कुणाच्या शर्टाची घडीसुद्धा मोडलेली नाही. एक अख्खं शहर दुसऱ्यांच्या सुटीसाठी इस्त्री करून उभं असतं, जनेल. दिवे काय, कुणीही पाहतं. तू ते पाहा.

जनेल : मला काय कळणार त्यातलं? कोण पत्ते वाटून आलंय, कोण भांडी घासून? शेजारी उभं राहून कुणीतरी सांगायला हवं.

आर्लो : चेहऱ्यांकडे बघू नकोस, हात बघ. पत्ते वाटणारा टेबल सोडताना तळव्यावर तळवा टेकवतो, मग दोन्ही हात उलटे-सुलटे करून दाखवतो. काही घेतलेलं नाही, रिकामा चाललोय, म्हणून.

जनेल : हे मला सांगताय? तुम्ही या जेवणाच्या टेबलावरून तसेच उठायचात. मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा असेच उठतात. पहिलीत डबा खाऊन मी तशी उठले, तर बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं.

व्हर्ला : तुझी आई, इडा, शाळेतून रडत माझ्याकडे आली होती. गावात पत्त्यांचा जोड शोधून सापडायचा नाही, आणि चर्चमध्ये पियानो वाजवणारीची पोरगी शाळेत कॅसिनोतल्या डीलरसारखे हात दाखवते.

आर्लो : मला तर तिने हसून सांगितलं होतं.

व्हर्ला : तू वेगसहून सुटीला घरी येईपर्यंत तिला हसू यायला लागलं होतं.

आर्लो : अस्सं.

व्हर्ला : तुझ्या कामाच्या पँटींचे खिसे ती शिवून टाकायची ना, त्या वेळची गोष्ट. दुहेरी दोरा घेऊन बसलेली. मी म्हणाले, जिथे चोरीच्या धाकाने माणसाला साधा खिसा ठेवू देत नाहीत ते काम कसलं? तर मला म्हणते, ‘ताई, या गावात असा एक पुरुष दाखव, जो जागेवरून उठताना रिकामे हात दाखवून उठतो.’ मला एकही आठवला नाही. राग आला होता तिचा.

जनेल : हे मला कुणी सांगितलं नाही.

आर्लो : मलाही नाही.

जनेल : आई तुम्हाला इतकी मानायची, तर आम्हाला तिथे एकदाही का नेलं नाहीत? दर उन्हाळ्यात तुमचं ठरलेलं, पुढच्या वर्षी.

आर्लो : गाव तिला बोललं असतं. तिला त्या पियानोवरून उठावं लागलं असतं. या घरातून मी एकटा उठून गेलो होतो, तेवढं पुरेसं होतं.

जनेल : आईला जाऊन दोन वर्षं झाली. पियानो आता दुसरं कुणी वाजवतं. आता काय आड येतंय?

व्हर्ला : जनेल, जेवू दे त्याला.

जनेल : नाही मावशी. थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून बघतेय मी. बाबा ताटावरून तसे उठत नाहीत. हात खिशात घालून उठतात.

आर्लो : तीस वर्षं खिसे नव्हते. आता आहेत, तर वापरतो.

जनेल : हातांची थरथर मला दिसते, बाबा. तुमचा कप मी अर्धाच भरते, तो काय कॉफी संपते म्हणून?

आर्लो : दिसतंय तर विचारतेस कशाला? माझ्या शेजारच्या टेबलावर पत्ते वाटणारा रुबेन अजून तिथे आहे. आता चार टेबलांवर देखरेख करतो. मला पाहताच तो आधी हात पुढे करील. त्या कॅसिनोत मला चेहऱ्याने कुणी ओळखत नव्हतं, पोरी, हातांनी ओळखायचे. म्हणायचे, आर्लोचा पत्ता टेबलावर पडत नाही, उतरतो. त्यांच्याजवळ ते तसंच राहू दे.

जनेल : रुबेनना मी फोन केला होता.

आर्लो : काय सांगितलंस?

जनेल : खरं तेच. मग म्हणाले, ‘पत्ते छान वाटणारे मी पुष्कळ पाहिले. पण हरलेल्या माणसापुढचे पत्ते आर्लो कसे उचलायचा, ते मी नव्या लोकांना अजून सांगतो. झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं, तसे.’

व्हर्ला : मीठ द्या कुणीतरी इकडे.

आर्लो : बटाट्यांत मीठ आहे, व्हर्ला.

व्हर्ला : माहीत आहे मला.

जनेल : बाबा, ते हात दाखवणं. मधल्या सुटीला उठतानाही तसंच, आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशीही तसंच?

आर्लो : तसंच. वीस मिनिटांसाठी उठा, नाहीतर कायमचे उठा. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला फरक कळत नाही.

जनेल : आणि उठणाऱ्याला?

आर्लो : कळतो. पण कधी कधी त्यालाही उशिरा.

जनेल : शुक्रवारी चारला मी गाडी दाराशी लावते. मावशी मागे बसेल, तिला पाय लांब करायचे असतात. पुढची जागा मोकळी आहे. शेवटच्या चढावर थांबायचं कुठे, ते मला ठाऊक नाही. येता?

(आर्लो उठतो, खिशांतून हात बाहेर काढतो. तळव्यावर तळवा टेकवतो, हात उलटे करतो, सुलटे करतो. हात थरथरत असतात; तो ते लपवत नाही. खुर्ची आत सारतो आणि मागच्या दाराने निघून जातो.)

व्हर्ला : हे ‘हो’ झालं, की ‘नाही’?

जनेल : बाबांच्या कपड्यांसाठी बॅग मी उघडीच ठेवते, मावशी.