आजींची सवत

नौदल दिनाला जुनी युद्धनौका लोकांना बघायला खुली होती. नौका बघायला रांगेत उभ्या असलेल्या टेलरबाईंना कान देण्याची गरजच पडली नाही; पुढे उभ्या असलेल्या आजी आपल्या नवऱ्याशी, आजोबांशी, ओरडूनच बोलत होत्या.

"अहो, बावीस वर्षं या बोटीवर काढलीत. वरून समुद्र कसा दिसायचा?"

"मला काय ठाऊक? मी सदा तळाला, इंजिनापाशी. आज पहिल्यांदा डेकवरून ऐटीत बघणार!"

"आधी खाली चला."

"अगं, खाली काय ठेवलंय? उकाडा आणि धडधड."

"त्या इंजिनानंच तुमचे कान खाल्ले ना? जन्मभर घसा फोडतेय मी. बघू द्या एकदा सवतीला."

"ती केव्हाच बंद पडलीय."

"मग तिच्यासमोर मी एकदाच हळू बोलणार. ऐकू नाही आलं, तरी तुम्ही 'हो' म्हणा."