बुधवारची कोंबडी

सुईणींच्या प्रशिक्षणाचं जेवणखाण ठरवायला रूहामा राजधानी अदिसहून गोंदरला आली होती. संध्याकाळी बसच्या रांगेत तिच्यापुढे प्रशिक्षणाच्याच दोन सुईणी होत्या. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"चर्चचा बुधवारचा उपास, अन् ताटात कोंबडी!"

"प्रशिक्षणाचा साहेब परदेशी. त्याला काय ठाऊक, त्सिगे?"

"त्याला नसेल गं! पण जेवण ठरवणारी अदिसची बाई आपल्यातलीच ना? जनाची नाही, मनाची तरी ठेवायची!"

"वर म्हणतात, गावच्या बायका माजल्यात, अन्न टाकतात."

"दिवसभर उपाशीपोटी शिकलो, ते नाही दिसलं मेल्यांना!"

त्सिगे फणकाऱ्याने वळली. रूहामाच्या गळ्यातला क्रूस पाहून तिचा आवाज उतरला.

"तूही उपाशीच असशील, पोरी. घे, भाजलेले जव आहेत."

रूहामाने हात पुढे केला. बोटांना अजून कोंबडीच्या रश्श्याचा वास होता.