भाताला सोपट

श्रुतिका — आत्या, हे काय गुंडाळलंयस माझ्या भाताला?

शेवंती — केळीच्या खोडाचं सुकं सोपट. गजरे बांधतंय तेच.

श्रुतिका — सांगून गेले होते ना, फक्त पाणी घाल, हात लावू नको? आठ दिवस दापोलीला काय गेले, तू सगळ्याची वाट लावलीस.

शेवंती — मगे काय बघत रवू? सहा कुंड्यांतली पानं सोलून काडी उघडी केलंस. भात असो सोलतत काय गो?

श्रुतिका — मुद्दाम सोललाय. पानाचा खालचा भाग काडीला म्यानासारखा धरून असतो. काडी वाढते ती त्याच्याकडून अन्न मिळतं म्हणून की नुसत्या आधारावर? शुक्रवारपर्यंत दाखव, नाहीतर विषय सोड, म्हणाल्यात माझ्या पीएचडीच्या मॅडम. दोन वर्षं घातलीत मी यात.

शेवंती — माका काय म्हायत? ह्या मुलुंडच्या गच्चीवर वारो केवढो. मऊ काडी मोडात, म्हणान बांधलंय.

श्रुतिका — आणि सहातल्या तीनच का बांधल्यास?

शेवंती — सोपट संपलां. शेजारच्या नंदाच्या हळदीचे गजरे होते ना.

श्रुतिका — थांब. ती पट्टी दे.

(ती एकेक काडी मोजते.)

शेवंती — काय झालां? ओरड हवं तर, पण सांग.

श्रुतिका — उघड्या तिन्ही वाकून अर्ध्यावरच थांबल्यात. तू बांधलेल्या सरळ, सव्वीस सेंटिमीटर. आणि बाजूच्या कुंड्यांतल्या ज्या काड्या मी सोलल्याच नव्हत्या, त्याही सव्वीसच.

शेवंती — मगे?

श्रुतिका — अगं, सोपट सुकलेलं. ते काय खायला घालणार? त्याने नुसतं धरून ठेवलं, आणि काडी वाढली. थांब, मॅडमना फोन लावते. हॅलो, मॅडम? सुकं सोपट बांधलेल्या काड्या पूर्ण वाढल्या. नाही, मी नाही, माझ्या आत्याने केलं. तीस वर्षं गजरे बांधते ती, स्टेशनाबाहेर. हो. हो, मॅडम.

शेवंती — काय म्हणाली?

श्रुतिका — म्हणाल्या, हे आपल्याला कुणालाच कसं सुचलं नाही. विषय सोडायचा नाही, साठ कुंड्यांवर पुन्हा करायचं. आत्या, मला रडू येतंय गं.

शेवंती — रड मगे. सोपट मी आणतंय.

श्रुतिका — बांधायचंही तूच. इतकं हलक्या हाताने मला नाही जमणार.

शेवंती — म्हणजे आता हात लावूचो?

श्रुतिका — लाव.