लाकूड कच्चं नव्हतं

आजच्या सभेचे आदरणीय अध्यक्ष श्यामलालजी पटेल, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका शकुंतलाबाई, तलावाच्या कामावरचे माझे सहकारी, आणि धानाची चुरणी-मळणी अर्धी टाकून चिचगडच्या टोल्या-पाड्यांवरून आलेल्या माता-भगिनींनो आणि बांधवांनो,

गळ्यात हार घालून बोलणं कठीण. झेंडूच्या पाकळ्या तोंडात जातात. त्यातून माझ्याआधी चौघांनी माझी जी स्तुती केली, ती ऐकताना हे नेमकं कुणाबद्दल चाललं आहे असं वाटून मी दोनदा मागे वळून पाहिलं. बदली झाली की माणूस एकदम देवमाणूस होतो, हा अनुभव सगळ्याच ओव्हरसियरांना येत असावा.

अध्यक्षमहोदय म्हणाले, पंचावन्न साली बिसेन साहेबांनी, म्हणजे मी, ट्रक बांधला म्हणून आपला तलाव वाचला. टाळ्याही झाल्या. त्या टाळ्यांना उत्तर द्यायचं आहे, आणि ते जरा लांबेल. चहा चुलीवर असेल तर उतरवून ठेवा.

चोपन्नच्या पावसात तलावाची पाळ फुटली, हे मी आपल्याला काय सांगावं? दोनशे एकरांतलं धान आपण डोळ्यांदेखत गमावलं. पुढच्या मृगाच्या आत पाळ बांधली नाही तर दुसरं वर्षही गेलं, हे सगळ्यांना कळत होतं. एवढी माती टोपल्यांनी हलणार नव्हती. बिरसीच्या धावपट्टीजवळ महायुद्धानंतर पडून राहिलेलं लोखंडी पट्ट्यांवर चालणारं एक माती ढकलायचं यंत्र आम्हाला मिळालं. पण ते आणायचं कसं? पट्ट्यांवर चालवत आणलं असतं तर वाटेतला रस्ता उखडला असता आणि यंत्रही अलीकडच्या देवरीपर्यंत पोचलं नसतं. म्हणून लष्कराचा एक जुना ट्रक घेतला आणि त्याचा मागचा सांगाडा काढून, यंत्र मावेल असा सपाट तळ त्यावर बसवायचं ठरलं.

कागदावर आकृती मी काढली. तळ बांधला दसरू मडावी मिस्त्रींनी. ते तिकडे खांबापाशी बसले आहेत. उठू नका मिस्त्री, बसा.

दसरू मिस्त्री बैलांच्या बंड्या घडवणारे. लाकूड तोडलं की ते तलावाच्या चिखलात वर्षभर मुरवायचं, मग सावलीत वाळवायचं, आणि त्यानंतरच त्याला वाकस लावायची, अशी त्यांच्या घरची रीत. ट्रकच्या तळासाठी आणि यंत्र चढवायच्या फळ्यांसाठी त्यांनी स्वतःच्या बंड्यांसाठी राखून ठेवलेलं लाकूड काढून दिलं. कुणाला मागावंही लागलं नाही.

यंत्र लांब होतं, म्हणून मी तळ मागच्या चाकांच्या पलीकडे साडेतीन हात वाढवला होता. मिस्त्री तो पाहून म्हणाले, शेपटाखाली दोन टेकू पाहिजेत, नाहीतर यंत्र चढताना गाडी उलार होईल. बंडीत मागे जास्त भार पडला की जू वर उचललं जातं, हे इथल्या कुणाला माहीत नाही? पण मी नागपूरहून शिकून आलेला. मी म्हटलं, मिस्त्री, ही बंडी नव्हे, हिच्या पुढे इंजिनाचं वजन आहे. यंत्र तळावर नीट उभं असतानाचा हिशेब मी पक्का केला होता. ते चढत असतानाचा केलाच नव्हता.

बिरसीला पुनाराम यंत्र चालवत फळ्यांवर आला. चालक गोवर्धन ट्रकच्या केबिनमध्ये बसला होता. यंत्र शेपटावर आलं आणि ट्रकची पुढची चाकं जमिनीपासून उचलली गेली. कंबरेइतकी! गोवर्धन वर, हातात स्टिअरिंग, आणि खाली मी. पुनाराम घाबरून एकदम मागे आला असता तर ट्रकचं तोंड आपटलं असतं, आणि गोवर्धन आज इथे पान खात बसला नसता. मिस्त्री पुनारामच्या नजरेसमोर जाऊन उभे राहिले. हात वर करून त्यांनी पुनारामला बोटा-बोटाने मागे घेतलं. चाकं खाली टेकली. गाडी उचलली गेली तेव्हाच्या हिसक्याने गोवर्धनचे दोन दात गेले आणि दोन फळ्या मोडल्या. बस्स, एवढ्यावर निभावलं. मग मिस्त्रींनी टेकू लावले. माझं न ऐकता ते दोन टेकू बरोबर घेऊनच आले होते. फळ्या बदलल्या आणि तिसऱ्या दिवशी यंत्र शहाण्यासारखं वर चढलं. मृगाच्या आठ दिवस आधी पाळ पुरी झाली.

चाकं उचलली गेली आणि पाळ पुरी झाली, एवढं आपण ऐकलेलं आहे; टेकूचं नाही. पुढची ऐका.

अपघाताची चौकशी झाली. याच शाळेत, याच खोलीत. माझा अहवाल मोठ्याने वाचला गेला. त्यात मी लिहिलं होतं की फळ्या कच्च्या लाकडाच्या असल्यामुळे मोडल्या आणि अपघात झाला. टेकूचा त्यात शब्दही नव्हता. मिस्त्री तेव्हाही त्या खांबापाशीच बसून ऐकत होते. त्यानंतर गावाने काय केलं? बंडी पाहिजे असली की लोक देवरीला जाऊ लागले. चार वर्षं मिस्त्रींनी नांगर आणि खाटांचे पाय दुरुस्त केले. मी त्यांच्या दारावरून सायकलने जात होतो. रोज.

मंडळी, लाकूड कच्चं नव्हतं. ते चांगलं मुरलेलं होतं. चूक माझ्या आकृतीत होती आणि माझ्या हट्टात होती.

काल मी त्यांच्या अंगणात गेलो. सभेत हे बोलू का, विचारलं. ते स्वतःच्याच बंडीच्या चाकात आरे बसवत होते. हातातलं काम पुरं करून म्हणाले, "माहं लाकूड मले मालूम नसन का? पण साहेबानं असं काऊन लिवलं, ते समजत नोहोतं."

मी सांगितलं, भ्यालो होतो. नोकरी नवी होती.

"त मंग सांगा उद्या. अन् टेकूचं पक्कं सांगा. तो ट्रक आता दुसऱ्या कामावर जाऊन राहिला. तिथं लोक लाकूड ठोकून पाहातेत, टेकू कोनी लावत नाही. एखांदा मानूस मरन."

चार वर्षं माणसाचं नाव बुडालं होतं, आणि त्याला काळजी कुठल्यातरी अनोळखी चालकाची! मला माझी लाज वाटली, ती मी लपवत नाही. आज सकाळी कार्यालयाला खरा अहवाल पाठवला आहे. टेकूशिवाय यंत्र चढवू नये, असं ट्रकच्या मागच्या फळीवर रंगवूनही घेतलं. रंगवलं गोवर्धनने. दात गेले ते लाकडामुळे नव्हे, हे ऐकून आधी त्याने रंगाचा डबा माझ्या पायाशी आपटला, तेही सांगून टाकतो. आता छातीवरचं ओझं उतरलं आहे, खरंच उतरलं आहे.

या सभेसाठी ज्यांनी कष्ट घेतले, त्या सर्वांचे आणि अध्यक्षमहोदयांचे मनापासून आभार. भाषणाच्या शेवटी काही चुकलंमाकलं असेल तर क्षमा असावी, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मीही ते दर सभेत म्हणत आलो, पण काय चुकलं ते कधी सांगितलं नाही. आज सांगितलं आहे.

दसरू मिस्त्री, मला क्षमा करा.