एका धारंपायी

ऐका. आन् इंदे, तू आधी खाली बस. शेळी वरडतीया तर वरडू दे. गाभन शेळी आटवायला घातली, दूध काढनं बंद केलं, की ती वरडनारच. धार काढायला उठायचं न्हाई. का न्हाई, तेच सांगते.

आपल्या वाडीत गजरा म्हनून एक बाई व्हती. एकटा जीव, आन् एकच काळी शेळी. आदल्या साली शेळी गाभन असताना बया व्याईस्तवर दूध काढत राहिली. मग पोटातल्यांना काय उरनार, कपाळ? करडं जन्माला आली ती चिपाडं. दोन्ही गेली. लई रडली गजरा. शेळीच्या गळ्यात पडून म्हनली, "औंदा तुला येळंवर आटवीन गं बाई."

आन् आटवायला घेतली. पेंड बंद, धार बंद. शेजारची करडं लुचाय यायची म्हनून सडांना शेन फासलं. पर शेजारी कुनी धार काढाय बसलं, भांडं वाजलं, की हिला पान्हा फुटायचाच! शेवटी म्हनली, वढ्यापल्याडच्या बहिनीकडं बांधते, तिथं दुभतं न्हाई, भांडं वाजनार न्हाई. दिवसा रोजगार, म्हनून निघाली दिवेलागनीनंतर. लोक म्हनले, "वढ्यातनं जाऊ नगं, तिथं बाळंतीन मेलीया लेकरासकट." ऐकती कशाला!

वढ्यात उतरली. काळामिट्ट अंधार. आन् ऐकू काय आलं? चर्र... चर्र... भांड्यात धार पडत व्हती! शेळीनं कान टवकारले, पाय रोवले. वढली तरी हलंना!

म्होरं बघती तर दगडावर एक बाई. मांडीवर फडक्यात गुंडाळल्यालं लेकरू. म्हनली, "घोटभर दूध दे गं. लेकरू उपाशी हाय."

"आटवायला घातलीया, बाई."

ती हसली. "आटवतीस? बघ तरी तिच्याकडं."

गजरानं हात लावला. आई गं! कास टम्म फुगल्याली, दगडावानी. शेळी कन्हाय लागली. आन् अंधारातनं सासूचा आवाज आला. मेल्याली सासू, बरं का! "गजरे, काढ गं जरा. मुकं जनावर हाय, कास फुटंल."

गजराचं काळीज तुटलं. मला सांगा, कुनाचं तुटनार न्हाई? तिनं पदरानं शेन पुसलं, उजवा सड धरला आन् एक धार वढली.

धार खाली पडलीच न्हाई! ना आवाज, ना वल. समोर नुसतं चुकचुक चुकचुक. कायतरी पीत व्हतं. फडकं घसरलं, तर मांडीवर धोंडा!

गजराचा दुसरा हात शेळीच्या पोटाखाली व्हता. आत करडं लाथा मारत व्हती, इकडं एक, तिकडं एक. इकडचं थांबलं. मग तिला उमगलं. ते दूध न्हवतंच रं! पोटातला जीव सडातनं निघत व्हता!

"आजून... आजून..." ती बाई वाकली. थंडगार तोंड गजराच्या बोटांना लागलं.

पळावं तर शेळी हलंना. गजरानं वढ्यातला चिखल उचलला, त्यात शेळीच्या लेंड्या चुरल्या आन् थापला कासंला! "आटली!" वरडली. "आटली गं भवाने! न्हाई तुला थेंब!"

थू! थू! अशी थुकली ती बाई. लुचनारं तोंड करडाचं असू दे न्हाईतर भुताचं, शेन लागलं की फिरतंच. शेळी उधळली, गजरा दाव्यासंगं फरफटत वढ्याबाहीर. गुडघं फुटलं, पर दावं सोडलं न्हाई.

शेळी व्याली. एक करडू असं गुबगुबीत, उड्या मारनारं. दुसरं मेल्यालं. एका धारंला एक करडू दिलं म्हना. गजरा मरस्तवर म्हनायची, "म्या माझ्या हातानं वढलं गं त्याला."

म्हनून सांगते, गाभन शेळी घिऊन त्या वढ्याच्या वाटंनं जाऊ नगा. दिवस असू दे, रात असू दे, वळसा घाला.

आन् इंदे! परत उठलीस? ऐकलंस ना आत्ता? शेळी वरडतीया ती वरडू दे. पर तिच्यापाशी भांडं कोन वाजवतंय? आपली मानसं तर समदी हितंच बसल्याती.