टोस्टरच्या मापाची भाकर

आई : तोंड नको दाखवू. गाय दाखव.

सुग्रीव : दाखवतो, अगोदर ऐक तर. तासभर बस, मंग दीड तास पायी. लोक आयर्लंडात डोंगर बघायला येतात, मी भाकर घेऊन गाय हुडकत फिरून राह्यलो. बसमधल्या बाईनं विचारलं, सहल का? म्हणलं, नवस.

शीतल : दादा, जल्दी कर. इथं केदारखेड्यात चार वाजले. आई सकाळपासून एका चहावर आहे, अन् बीपीची गोळी जेवल्याशिवाय घ्यायची नाही.

सुग्रीव : मी म्हणलं होतं का, नवस बोल म्हणून?

आई : तुझा तिथला कामाचा परवाना अडकला, मंग मी काय करू? पाच रविवार तू तुझ्या हातानं पहिली भाकर गायीला द्यायची, तवर मी जेवायचं न्हाई. सोपं तर हाय.

सुग्रीव : चार झाले की. फोटो पाठवले न दर रविवारी?

आई : एकच फोटो चारदा पाठवला.

सुग्रीव : शीतल, तू सांगितलं?

शीतल : मला त्या चार गायी वाटल्या होत्या.

आई : गाय गाभण हाय, नववा लागलेला. चार हप्ते झाले, पोट तेवढंच अन् कास तेवढीच. गुरांत जलम गेला माझा. म्हणून म्हणलं, आज फोन चालू ठेवून दे.

सुग्रीव : पहिल्या रविवारी खरंच आल्तो. गायीनं भाकर खाल्ली, मंग माझी टोपी खाल्ली. त्याच्यानंतर हिंमत न्हाई झाली.

आई : भाकर दाखव.

सुग्रीव : ही.

आई : ही भाकर हाय का बस्कुट?

सुग्रीव : इथं शेगडीला जाळ नसतो, आई. काच गरम होती, तिच्यावर तवा. भाकर फुगंना. मंग टोस्टरच्या मापाची थापली अन् त्यात उभी केली. फुगली बराबर. अन् उडून बेसिनात पडली.

आई : धुतली का?

सुग्रीव : भाकर कोणी धुतं का?

आई : कडा चिरल्यात. पीठ जुनं, विरी गेली त्याची, चिकटपणाच राह्यला न्हाई. असल्या पिठात आधणाचं पाणी घालावं माणसानं.

शीतल : आई, गाय ती भाकर खाणार आहे, मार्क देणार नाही.

सुग्रीव : थांबा, आलीच बघा. घे माय, घे.

आई : सुग्रीव.

सुग्रीव : काय?

आई : खाली वाकून बघ. तो वळू हाय.

(फोनमध्ये बराच वेळ नुसतं आभाळ दिसतं.)

शीतल : दादा? आहेस का?

सुग्रीव : हाय. कुंपणाच्या अलीकडं. पँटीचा एक पाय पलीकडं राह्यला.

आई : भाकर?

सुग्रीव : हातात हाय. मी बी बरा हाय, कोणी विचारलं न्हाई तरी सांगतो. एक म्हातारी आली, नोराबाई. हिचंच शेत. विचारून राह्यली, माझ्या वळूशी तुझं काय काम?

आई : मंग सांग की तिला.

सुग्रीव : सगळं सांगितलं. ती म्हणते, घरी रांधलेलं जनावराला घालायला इथं बिलकुल मनाई हाय. अन् महिन्यापूर्वी गोठ्यात अर्धी टोपी सापडल्ती, ती तुझीच का? धुऊन ठेवली म्हणते.

शीतल : घ्या, आता कायदा आडवा आला. आई, सोड तो नवस अन् जेव.

आई : नवस काय दुकानात वापस करायचं लुगडं हाय का? तिला विचार, ती गाय व्याली का?

सुग्रीव : मी फाटक्या पँटीत उभा हाय, आई.

आई : विचार.

सुग्रीव : व्याली. मंगळवारी. ती म्हणते, तुझ्या आईला तिकडून कसं कळलं?

आई : फोटोतून म्हणावं. कालवड का गोऱ्हा?

सुग्रीव : कालवड.

आई : मंग भाकर नोराबाईला दे. बाळंतिणीचं सगळं तीच करत असंल. धनिणीनं खाल्लेलं गायीला पोचतं.

शीतल : हे कुठल्या पोथीत आहे?

आई : पोथी कशाला? मी सांगून राह्यले न.

सुग्रीव : घेतली. खाऊन राह्यली. चावून राह्यली. अजून चावूनच राह्यली.

आई : पिठाची विरी गेली म्हणावं. आपल्यात एरवी अशी होत न्हाई.

सुग्रीव : सांगितलं. गिळली. म्हणते, लोणी पाहिजे होतं वर.

आई : बराबर बोलली.

शीतल : झालं एकदाचं. दादा, ठेव फोन.

सुग्रीव : थांब. ती काहीतरी विचारून राह्यली.

आई : काय म्हणती?

सुग्रीव : म्हणते, तुझी आई जेवली का?

आई : शीतल, ताट वाढ. अन् तिला सांग सुग्रीव, बसले म्हणावं.